ग्रुप मुलांच्या हाती, पण मोठ्यांच्या नजरेसमोर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शनिवारी रात्री साडेदहाला चर्चच्या युवा मंडळाच्या ग्रुपवर एक पोस्टर येऊन पडते. मागे मावळता सूर्य, त्यावर एक वचन, खाली 'उद्या सकाळी आठ वाजता युवा सभा, सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे'. दोन मोठी माणसे 'आमेन' लिहितात, कोणी हात जोडल्याचे चिन्ह टाकते. ज्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांसाठी हे पोस्टर होते, त्यांच्यातले कोणीच काही लिहीत नाही. रविवारी बाके रिकामी दिसली की बोल लावला जातो तो मोबाइलला.

यात मोबाइलचा दोष थोडा आणि आपल्या मांडणीचा जास्त आहे. किशोरवयीन मुलांसोबत काम करणारे पाळक, धर्मगुरू, संडे स्कूलचे शिक्षक आणि पालक यांच्यासाठी हे पत्र आहे. दोन बाजूंनी दोन तऱ्हेची माणसे बोलताना दिसतात. एक म्हणतात, मुले जिथे आहेत तिथे जा, रील्स करा, फार नियम लावाल तर पोरे पळतील. दुसरे म्हणतात, धोका आहे, ग्रुपच बंद करा. आमचे ठाम मत असे, की मुलांच्या सुरक्षिततेसाठी जी व्यवस्था लागते तीच मुलांना बोलतेही करते. लहान गट, ठरलेल्या वेळा, दोन मोठी माणसे आणि उघड बोलणे या चार गोष्टी नीट बसवल्या, तर मुलांना गुंतवण्यासाठी वेगळी युक्ती शोधावी लागत नाही.

सुरुवात गटाच्या आकारापासून. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात, म्हणून आपण सगळ्या मंडळीला एकाच ग्रुपमध्ये कोंबतो. त्यात मुलांचे आईवडील असतात, काका-मामा असतात, कधी शाळेतले सरही असतात. अशा ठिकाणी नववीतली मुलगी 'मला प्रार्थना करताना काहीच वाटत नाही' असे कधीही लिहिणार नाही. तेरा ते पंधरा आणि सोळा ते अठरा असे वयाचे दोन टप्पे करावेत आणि प्रत्येक ग्रुपमध्ये दहा-बारा मुले व दोन मोठी माणसे ठेवावीत. शक्यतो एक दादा आणि एक ताई, आणि ते दोघे एकाच घरातले नसावेत. पंचविसाच्या पुढे संख्या गेली की चार जण बोलतात आणि बाकीचे नुसते वाचतात. तीस मुले असतील तर तीन ग्रुप करा. सर्वांसाठीच्या सूचना वेगळ्या चॅनेलवर टाका, कारण चॅनेलवर एका अनुयायाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही.

नंबर दिसण्याची ही गोष्ट अनेकांच्या लक्षातच येत नाही. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. साठ जणांच्या ग्रुपमध्ये चौदा वर्षांच्या मुलीला घातले, म्हणजे तिचा नंबर साठ जणांच्या हाती दिला. त्याहून वाईट म्हणजे ग्रुपची लिंक चर्चच्या उघड्या फेसबुक पानावर चिकटवणे. लिंक कोणाच्याही हाती लागते आणि अनोळखी माणूस कोणाच्या नकळत आत येऊन बसतो. नवे सदस्य ॲडमिनच्या मंजुरीनेच आत येतील अशी सोय ग्रुपच्या सेटिंगमध्ये आहे. ती चालू करावी आणि लिंक एकदा बाहेर गेली असेल तर ती रीसेट करावी. रीसेट केली की जुनी लिंक निकामी होते.

वयाचेही बघावे लागते. इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर स्वतःच्या नावाने खाते उघडायला सर्वसाधारण नियमाप्रमाणे तेरा वर्षे पूर्ण लागतात. देशोदेशीचे कायदे याहून कडक होत चालले आहेत. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्रामसारख्या माध्यमांवर खाते मिळू नये, अशी जबाबदारी कंपन्यांवर टाकण्यात आली आहे. त्यामुळे आपल्याकडचा नियम काय आहे ते आधी पाहावे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाने खोटी जन्मतारीख घालून खाते उघडले असेल आणि आपण त्याला ग्रुपमध्ये घेतले, तर खोटे बोलायला चर्चनेच मान्यता दिली असा अर्थ होतो. त्या वयाच्या मुलांसाठी ग्रुप करायचा तो पालकांचा.

आता वेळ. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४ मध्ये टीन अकाउंट आणले. त्यात अठरा वर्षांखालील मुलांचे खाते आपोआप प्रायव्हेट होते, ज्यांना ते फॉलो करतात किंवा ज्यांच्याशी आधीपासून जोडलेले आहेत त्यांनाच त्यांना मेसेज करता येतो, दिवसाला साठ मिनिटे झाली की थांबण्याची आठवण येते आणि रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद राहतात. सोळा वर्षांखालच्या मुलाला यातले काही सैल करायचे तर पालकांची परवानगी लागते. या नियमांवर चिडण्याचे कारण नाही, त्यांच्याशी जुळवून घ्यावे. इन्स्टाग्रामवर रात्री साडेदहाला टाकलेली सूचना मुलाच्या नजरेस सकाळी सातनंतरच पडते आणि सभा आठला असते. शनिवारी संध्याकाळी सहा ते सात ही वेळ बरी. आणि मुलांच्या ग्रुपवर मोठ्यांनी रात्री नऊनंतर काहीही टाकायचे नाही, हा नियम लिहून सर्वांना सांगावा. मुलांना तो आवडतो, कारण त्यांचा फोन दिवसभर कोणा ना कोणा मोठ्या माणसाच्या सूचनांनी वाजत असतो.

आठवड्यातून तीन निरोप पुरेत. रविवारच्या सभेतून निघालेला एक प्रश्न सोमवारी, बुधवारी किंवा गुरुवारी चाळीस-पन्नास सेकंदांची एक व्हॉइस नोट, आणि शनिवारी संध्याकाळी सभेची सूचना. सूचनेत पाच गोष्टी हव्यात: कुठे, किती वाजता सुरू, किती वाजता संपणार, सोबत काय आणायचे, आणि पोहोचल्यावर कोणाला भेटायचे. 'किती वाजता संपणार' हे बहुतेक पोस्टरांवर नसते. आई घरून सोडते की नाही, ते अनेकदा त्यावरच ठरते. रोज 'सुप्रभात, आजचे वचन' पाठवणारे ग्रुप दोन आठवड्यांत म्यूट होतात, आणि मग महत्त्वाचा निरोपही त्या म्यूटमध्येच अडकून पडतो.

वचन पाठवू नये असे आम्ही म्हणत नाही. ते अशा रीतीने पाठवावे की मुलाला उत्तर द्यावेसे वाटेल. सूर्यास्तावर छापलेल्या वचनाला 'आमेन' म्हणण्यापलीकडे काही म्हणता येत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहा: 'मत्तय ६:२६ मध्ये येशू आकाशातल्या पाखरांकडे बघायला सांगतो, ती पेरत नाहीत, कापणी करत नाहीत. परीक्षेच्या आदल्या रात्री हे वाचून तुम्हाला धीर येतो की चीड येते?' आता समजा एका मुलाने लिहिले, 'चीड येते.' इथे बहुतेक मार्गदर्शक घसरतात. लगेच तीन वचने पाठवून त्याला दुरुस्त करतात, आणि तो मुलगा पुढे महिनाभर गप्प बसतो. त्या वेळी फक्त एवढे लिहावे: 'कशाची चीड येते?' आणि मग थांबावे. दुसऱ्या मुलाला बोलू द्यावे. तो प्रश्न रविवारच्या सभेत, त्या मुलाची परवानगी घेऊन, पुढे न्यावा. त्याचे उत्तर समोरासमोर बसूनच द्यायचे असते. ग्रुपने फक्त त्याला सभेपर्यंत आणायचे.

पोल सोपा वाटतो म्हणून सगळे पोल घेतात. पण व्हॉट्सॲपच्या साध्या पोलमध्ये कोणी कशाला मत दिले ते ग्रुपमधल्या सर्वांना दिसते. सहल शनिवारी की रविवारी, एवढ्यासाठी तो ठीक. 'तुम्ही रोज प्रार्थना करता का' हे पोलमध्ये विचारले, तर मुले खरे उत्तर न देता शोभेल ते देतील. इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर प्रश्नपेटी लावता येते. तिचे उत्तर पुढे शेअर केले तर नाव दिसत नाही, पण खाते चालवणाऱ्याला नाव दिसते. मुलांना वाटते ते निनावी आहे. तसे नाही, हे त्यांना आधीच स्पष्ट सांगावे. लपवले आणि कळले, तर गेलेला विश्वास परत येत नाही. खरोखर निनावी विचारायचे असेल तर सभेच्या खोलीत चिठ्ठ्यांची पेटी ठेवावी. ती अजूनही उत्तम चालते, आणि चिठ्ठीतल्या प्रश्नांवर नंतर रील करता येते.

रीलबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण इथे उत्साह असतो आणि हात चुकतो. रील मोठ्यांनी करून मुलांना दाखवायचे नाही, मुलांनी करायचे आणि मोठ्यांनी तपासायचे. बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिले होते की तुझ्या तारुण्याला कोणी तुच्छ मानू नये, तू विश्वासणाऱ्यांसाठी कित्ता हो. ते वाक्य तरुणांच्या हाती काम देण्याविषयीच आहे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी ज्याला संतपद दिले गेले तो इटालियन मुलगा कार्लो अकुतिस २००६ मध्ये पंधराव्या वर्षी वारला. इन्स्टाग्राम तेव्हा जन्मलेही नव्हते. पवित्र मिस्साबलिदानाशी निगडित चमत्कारांची माहिती जमवून त्याने वेबसाइट उभी केली. तो कोणाचे पोस्टर फॉरवर्ड करत बसला नव्हता, त्याने स्वतः काही घडवले होते. आपल्या मुलांनाही हेच मिळायला हवे.

चार मुलांची तुकडी पुरे. एक जण प्रश्न आणि उत्तर कागदावर लिहील, एक चित्रण करील, एक जोडणी करील आणि एक जण शुद्धलेखन, वचनाचा अध्याय-ओवी आणि चौकटीतली माणसे तपासेल. फोन उभा धरायचा, लांबी तीस ते पंचेचाळीस सेकंद. पहिल्या तीन सेकंदांत प्रश्नच आला पाहिजे. चर्चचे बोधचिन्ह, वाद्यसंगीत आणि 'नमस्कार मित्रांनो' यात ती तीन सेकंदे गेली की बघणारा पुढे सरकला. बोलणाऱ्याचे तोंड खिडकीकडे करावे. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो. उंच छताच्या प्रार्थनागृहात आवाज घुमतो, म्हणून चित्रण पडदे असलेल्या लहान खोलीत करावे, पंखा बंद ठेवावा आणि फोन बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर धरावा. बोललेले शब्द अक्षरांत खाली द्यावेत, कारण बरेच जण आवाज बंद ठेवून बघतात. ही अक्षरे पडद्याच्या मध्यभागी हवीत; अगदी तळाशी आणि उजव्या कडेला बटणे येतात आणि मजकूर झाकला जातो.

गाण्याने बरेच घोळ होतात. जुन्या स्तोत्राचे शब्द कोणाच्या मालकीचे नसले तरी त्याचे आजचे ध्वनिमुद्रण कोणाच्या तरी मालकीचे असते. ते परवानगीशिवाय पाठीमागे लावले तर रीलचा आवाज बंद केला जाऊ शकतो किंवा रीलच काढली जाऊ शकते. मुलांनी स्वतः गायलेले दोन ओळींचे स्तोत्र वापरावे. ते थोडे बेसूर असले तरी आपल्या मित्राचा आवाज ओळखून मुले थांबून ऐकतात.

प्रसिद्ध करण्याआधी तपासणाऱ्याने चित्र थांबवून चौकटीचे चारही कोपरे बघावेत. शाळेचा गणवेश, घराची पाटी, गाडीचा नंबर, पाठीमागे बसलेले भलतेच मूल, यातले काहीही दिसता कामा नये. लोकेशन टाकू नये. शिबिराची छायाचित्रे शिबिर संपल्यावरच टाकावीत. पालकांची संमती लेखी घ्यावी आणि ती वर्षाला नवी करावी. संमतीपत्रात ग्रुपमध्ये असणे, छायाचित्र छापणे आणि व्हिडिओत बोलणे यांसाठी तीन वेगळ्या चौकटी असाव्यात, कारण आई एकीला हो आणि दुसरीला नाही म्हणू शकते. आईने हो म्हटले तरी मुलाला वेगळे विचारावे. त्याने नाही म्हटले तर कारण न विचारता ते मानावे. चेहरे उचलून खोटी चित्रे बनवणे हल्ली सोपे झाले आहे, त्यामुळे लहान मुलांचे जवळून घेतलेले, नावासहित फोटो उघड्या पानावर नकोतच. पाठमोरी मुले, वाद्यावरचे हात, वहीतले अक्षर यांतूनही सभेची ऊब पोहोचते.

सर्वांत नाजूक विषय खासगी मेसेजचा. नियम एका ओळीचा आहे: कोणत्याही मोठ्या माणसाने मुलाशी एकट्याने, इतरांच्या नजरेआड चॅट करायचे नाही. यात पाळक आले, फादर आले, कितीही जुना आणि विश्वासू दादा आला. पण मुले स्वतःहून लिहितात आणि बहुधा रात्रीच लिहितात. 'दादा, जागा आहेस का? बोलायचंय.' अशा वेळी गप्प राहणे निष्ठुरपणाचे आणि तासभर चॅट करणे धोक्याचे. उत्तर असे द्यावे: 'तुझा मेसेज वाचला. लिहिलंस ते बरं केलंस. आत्ता तू सुरक्षित आहेस ना? उद्या पाच वाजता चर्चमध्ये भेटू, ताईही असेल.' आणि त्याच मिनिटाला ताईला कळवावे की असा मेसेज आला आहे. मजकूर सांगायची गरज नाही, आल्याचे सांगायचे.

उत्तर 'सुरक्षित नाही' असे आले, जीव देण्याची भाषा असली, कोणी मारत किंवा नको तिथे हात लावत असल्याचे मुलाने लिहिले, तर उद्याची वाट पाहायची नाही. अशा वेळी फोन करून बोलत राहावे, तातडीच्या मदतीला कळवावे आणि पालकांना सांगावे. मात्र घरातलाच माणूस त्रास देत असेल तर आधी बालसंरक्षण यंत्रणेकडे जावे. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन कधीही देऊ नये, कारण ते मोडावे लागते. 'ज्यांना सांगणं गरजेचं आहे त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगून' एवढेच म्हणावे. मेसेज पुसू नये, स्क्रीनशॉट जपून ठेवावा. याचसाठी मुलांच्या ग्रुपमध्ये आपोआप नाहीसे होणारे मेसेज बंद ठेवावेत. चोवीस तास, सात दिवस किंवा नव्वद दिवसांनी मजकूर उडून गेला तर मुलाच्या बाजूने पुरावा उरत नाही. मुलाची नग्न किंवा अश्लील चित्रे कोणी पाठवली असतील तर मात्र त्यांचा स्क्रीनशॉट काढू नये किंवा ती पुढे पाठवू नयेत. तो स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. फोन तसाच तक्रार घेणाऱ्या यंत्रणेला दाखवावा.

फादरांना मुले कधी चॅटवरच पापनिवेदन करू लागतात. कॅथलिक चर्चने २००२ सालीच इंटरनेटविषयीच्या आपल्या दस्तऐवजात सांगून ठेवले आहे की इंटरनेटवर संस्कार, म्हणजे चर्चचे पवित्र विधी, होत नाहीत; आणि पापनिवेदन हा त्यांतलाच एक. मुलाला प्रेमाने तिथेच थांबवावे आणि प्रत्यक्ष भेटीची वेळ द्यावी.

हे सारे नियम मुलांपासून लपवायचे नाहीत. पहिल्याच सभेत फळ्यावर लिहून समजावायचे. आपल्याशी कोणी गुपचूप लघळपणा करणार नाही, इथे लिहिलेले कोणी प्रवचनात उदाहरण म्हणून वापरणार नाही, हे कळले की मुले मोकळी होतात. सुरुवातीला मांडलेला मुद्दा तो हाच.

खात्याच्या मालकीविषयी थोडक्यात. युवा मंडळाचे पान बहुधा एखाद्या हौशी तरुणाने स्वतःच्या ईमेलवर उघडलेले असते. तो नोकरीसाठी दुसरीकडे जातो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. खाते चर्चच्या ईमेलवर असावे, दोन पायऱ्यांची पडताळणी चालू असावी आणि दोन मोठ्या माणसांना प्रवेश असावा. मुलांनी रील बनवावे, पण खात्याच्या मेसेजपेटीत येणारे अनोळखी लोकांचे मेसेज मोठ्यांनीच उघडावेत. तिथे काय येईल याचा नेम नसतो. कमेंटमध्ये शिवीगाळ येते, ती शब्दांची गाळणी लावून अडवता येते. खऱ्या प्रश्नाला एकदा सभ्य उत्तर द्यावे आणि वादात उतरू नये.

बायबल वाचण्याच्या ॲपवर गटाने मिळून वाचण्याच्या योजना असतात, त्यांतली पाच किंवा सात दिवसांची निवडावी. वर्षभराची योजना बहुतेकांची फेब्रुवारीत तुटते आणि मागे अपराधीपणा उरतो. सलग किती दिवस वाचले याचा आकडा ग्रुपवर टाकू नये. ज्याचा खंड पडला तो लाजून सभेलाही येईनासा होतो.

यश मोजताना लाइक बाजूला ठेवावेत. एक साधी वही करावी. दर आठवड्याला चार आकडे लिहावेत: प्रश्नाला किती मुलांनी उत्तर दिले, रविवारी किती आली, त्यांतली नवी किती, आणि किती मुले तीन रविवार दिसली नाहीत. चौथा आकडा सर्वांत कामाचा. त्या मुलांना ग्रुपवर 'कुठे गायब?' असे चारचौघांत विचारू नये. त्यांच्या वयाच्या एखाद्या मित्राने फोन करावा, किंवा दादा-ताईंनी घरी आधी कळवून जाऊन यावे.

आणि ज्यांच्याकडे फोनच नाही, किंवा ज्यांच्या घरी ठरवून दिलेला नाही, ती मुले या सगळ्यात नकळत मागे पडतात. सहलीचे ठरते ग्रुपवर, हशा पिकतो ग्रुपवर, आणि रविवारी ते मूल कोपऱ्यात उभे असते, कारण कशावर हसत आहेत तेच त्याला माहीत नसते. त्याला एक जोडीदार ठरवून द्यावा, जो शनिवारचा निरोप त्याच्या घरी पोहोचवेल. सोमवारचा प्रश्न रविवारीच कागदावर लिहून त्याच्या हाती द्यावा. आणि पुढच्या सभेची सुरुवात त्याच्या उत्तराने करावी.

आपले,
किशोरवयीन मुलांच्या चर्चगटांचे काही युवा मार्गदर्शक